अठरा पौंडांची पळवाट

जर्सी म्हटलं की आपल्याकडे गोठा आठवतो. पण ही गाय जिथून जगभर गेली ते जर्सी बेट इंग्लिश खाडीत, फ्रान्सच्या किनाऱ्याला खेटून आहे, आणि त्याच्या शेजारी गर्न्झी. ब्रिटनच्या बाजारपेठांतली गाण्यांची आणि सिनेमांची दुकानं कशी बसली, याचा माग काढत गेलं की वाट येते ती या दोन बेटांवर. फुकट गाण्यांची देवाणघेवाण करू देणारं नॅपस्टर, गाणी ऑनलाइन विकणारं आयट्यून्स आणि सुपरमार्केट हे नेहमीचे आरोपी आहेतच. मला मात्र झपाटून टाकलं ते करकायद्यातल्या एका बारीक सवलतीनं. सांगतात असं, की ही सवलत फुलांसाठी होती.

दुकानांच्या भरभराटीची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक आहे. २० जुलै १९२१ रोजी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ३६३ क्रमांकाच्या जागेत एचएमव्हीचं दुकान उघडलं. उद्घाटनाला संगीतकार एडवर्ड एल्गार होते. एचएमव्हीच्या चिन्हातला, कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला कुत्रा आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवरही होताच. १९७१मध्ये त्याच रस्त्यावर रिचर्ड ब्रॅन्सन यांचं व्हर्जिन आलं. पुढे अवर प्राइस, टॉवर, अँडीज् या साखळ्या आणि छोट्या गावांतही वूलवर्थ्सचं रेकॉर्डचं कपाट.

व्हर्जिनपाशी मात्र जरा थांबायला हवं. तेव्हा ब्रिटनमध्ये तबकड्यांवर खरेदी-कर होता आणि निर्यातीच्या मालाला तो माफ होता. निर्यातीसाठी म्हणून दाखवलेला माल देशातच विकून ब्रॅन्सन यांनी हा कर चुकवला. जकात खात्यानं पकडलं, एक रात्र डोव्हरच्या कोठडीत गेली. कर आणि दंड भरण्याच्या बोलीवर प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. ती रक्कम फेडण्यासाठी धंदा भराभर वाढवावा लागला, असं ब्रॅन्सन यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे. म्हणजे देशभर पसरलेल्या एका मोठ्या साखळीच्या मुळाशी समुद्रापलीकडे गेल्याचं दाखवलेला बिनकराचा माल होता. तीस वर्षांनी या सगळ्या दुकानांना ज्यानं घेरलं तोही समुद्रापलीकडून येणारा बिनकराचा मालच होता. या वेळी तो कायदेशीर होता, एवढाच फरक.

१ एप्रिल १९७३ रोजी खरेदी-कर गेला आणि व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, आला. त्याच वर्षी ब्रिटन युरोपीय समुदायात शिरला. जर्सी आणि गर्न्झी ही ब्रिटिश राजसत्तेच्या अखत्यारीतली बेटं, पण ब्रिटनचा भाग नव्हेत. त्यांच्यासाठी खास तडजोड झाली: जकातीपुरती बेटं समुदायाच्या आत, व्हॅटपुरती बाहेर. बेटावरून ब्रिटनला येणाऱ्या मालावर जकात नाही, पण व्हॅटच्या दृष्टीनं तो आयात माल. मग १९८३च्या युरोपीय निर्देशानं किरकोळ किमतीच्या आयात मालाला व्हॅट माफ करण्याची सोय केली. ब्रिटननं आपली मर्यादा ठेवली १८ पौंडांवर.

आता खरा वाद. ही सवलत कोणासाठी होती? सरकारी उत्तर कोरडं आहे: दहा-बारा पौंडांच्या पुडक्यावरचा कर गोळा करायला करापेक्षा जास्त खर्च येतो, म्हणून तो सोडून दिला. दुसरं उत्तर बेटांच्या संदर्भात नेहमी सांगितलं जातं: टपालानं जाणारी फुलं आणि जर्सीची दाट साय यांच्यासाठी ही सोय टिकवली गेली.

सायीचा मुद्दा मी साफ बाद करतो. ब्रिटनमध्ये दूध, साय, बटाटे, टोमॅटो अशा रोजच्या खाद्यपदार्थांवर व्हॅटचा दर शून्य आहे. जो कर लागतच नाही तो माफ कसला करायचा? गाईची गोष्ट ऐकायला गोड आहे म्हणून चालत आली.

फुलांचं तसं नाही. फुलांना पूर्ण व्हॅट लागतो. आणि गर्न्झीची परिस्थिती पाहा. बेटाचा मोठा आधार होता काचघरांत पिकवलेला टोमॅटो. सत्तरच्या दशकात तेल महागलं, काचघरं तापवणं परवडेना, आणि हॉलंडचे शेतकरी स्वस्त नैसर्गिक वायूवर पिकवलेला टोमॅटो घेऊन ब्रिटनच्या बाजारात उतरले. गर्न्झीच्या बागायतदारांनी मग फुलांवर भर दिला. फ्रीझियाच्या कळ्या चपट्या खोक्यात रचून थेट ब्रिटनमधल्या घरी पाठवायच्या, वाढदिवसाला, मदर्स डेला. एका खोक्याची किंमत अठरा पौंडांच्या आत सहज बसे.

फुलांच्या बाजूनं माझा सगळ्यांत भक्कम पुरावा वेगळाच आहे. टपालानं मागवलेला माल या सवलतीतून वगळण्याची मुभा युरोपीय नियमांतच सदस्य देशांना होती. ब्रिटननं ती वर्षानुवर्षं वापरली नाही. नुसता कागदोपत्री त्रास वाचवायचा असता, तर टपालविक्री वगळून उरलेली सवलत ठेवता आली असती. पण टपालविक्री वगळली की पहिला तडाखा बसला असता फुलांच्या खोक्यांना. म्हणून माझा तर्क असा: कागदपत्रांचं कारण ब्रसेल्सचं, फुलांचं कारण लंडनचं. दोन्ही खरी आहेत, आणि वाद घालणारे एकेक धरून बसले आहेत.

पुढे सीडी आली. तिची प्लास्टिकची डबी १४२ मिलिमीटर लांब, १२५ मिलिमीटर रुंद आणि दहा मिलिमीटर जाड. जाड कागदाच्या पाकिटात घातली की दाराच्या फटीतून सरळ आत पडते, घेणारा घरी नसला तरी चालतं. फुटायची भीती कमी, नासायची नाही, किंमत अठराच्या आत. फ्रीझियाच्या खोक्यासाठी ठेवलेल्या फटीत ती फुलांपेक्षाही चपखल बसली.

१९९८मध्ये जर्सीत एक कंपनी निघाली, पुढे तिचं नाव झालं प्ले डॉट कॉम. हिशेब साधा होता. व्हॅट साडेसतरा टक्के असताना ९ पौंडांच्या सीडीत १ पौंड ३४ पेन्स कराचे. भाडं, वीज, नोकरांचे पगार देऊन दुकानदाराच्या हाती जे उरे, ते एवढ्यात कुठल्या कुठे जाई. माल ब्रिटनमधून बोटीनं बेटावर न्यायचा आणि पाकिटात घालून परत ब्रिटनला पाठवायचा, असा उलटा फेराही परवडू लागला. ऑर्डर मोठी असली तर एकेक तबकडी वेगळ्या पाकिटातून जायची, म्हणजे प्रत्येक पाकीट अठराच्या आत. मोठ्यांनीही मागे राहायचं नाही असं ठरवलं. खुद्द एचएमव्हीची ऑनलाइन विक्री गर्न्झीतून होऊ लागली. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं दुकान व्हॅट भरत होतं आणि त्याच कंपनीचं पाकीट बेटावरून बिनकराचं येत होतं.

नॅपस्टरवाले यावर म्हणतात, लोकांनी विकत घेणंच सोडलं, तिथं कराचं काय घेऊन बसलात? नॅपस्टर आलं १९९९मध्ये. ब्रिटनमध्ये अल्बमच्या विक्रीनं विक्रम केला तो २००४ साली. आणि अँडीज् बंद पडलं २००३मध्ये, अवर प्राइसची शेवटची दुकानं मिटली २००४मध्ये. लोक पूर्वी कधी नव्हे इतक्या तबकड्या घेत होते तेव्हाच दुकानं पडत होती. फुकट गाण्यांनी पुढे घाव घातला, पण पहिला घाव त्यांचा नव्हे.

सुपरमार्केटचा दावा जास्त वजनदार आहे, तो मी अर्धा मान्य करतो. टेस्को आणि ॲस्डा यांनी गाजणारे ताजे अल्बम दुधापावाच्या शेजारी स्वस्तात मांडले. पण त्यांच्या फळीवर निवडक ताजा मालच मावे. जुने अल्बम, जाझ, लोकसंगीत, परदेशी सिनेमे हे दुकानांचं राखीव रान होतं. ते नेलं बेटांवरच्या पाकिटांनी. वरची मलई सुपरमार्केटनं घेतली, खालचं दूध बेटांनी. दुकानदाराकडे उरलं भाडं.

व्हर्जिनची दुकानं २००७मध्ये व्यवस्थापकांनी घेतली आणि नाव ठेवलं झावी. त्यांना माल पुरवणारी कंपनी वूलवर्थ्सच्या मालकीची होती. नोव्हेंबर २००८मध्ये वूलवर्थ्स बुडालं, पुरवठा तुटला आणि २४ डिसेंबरला झावीही गेली. हे धडाक्यानं सांगितलं जातं. छोटे टपाल-विक्रेते गुपचूप मिटले. त्यांतलेच एक रिचर्ड ॲलन. त्यांनी ही पळवाट बंद करण्यासाठी इतर विक्रेत्यांना जोडून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांच्या चिकाटीबद्दल मला नितांत आदर आहे.

सरकारच्याच अंदाजानं शेवटी शेवटी या सवलतीपायी वर्षाला सुमारे १४ कोटी पौंड बुडत होते. १ नोव्हेंबर २०११ रोजी मर्यादा १५ पौंडांवर आली. नंतर टपालविक्री वगळण्याची तीच मुभा अखेर वापरली गेली, फक्त या बेटांपुरती. बेटं कोर्टात गेली आणि मार्च २०१२मध्ये हरली. १ एप्रिल २०१२ रोजी, व्हॅट सुरू झाल्याला बरोबर ३९ वर्षं होताना, सवलत संपली. फुलांची खोकीही त्यातून सुटली नाहीत.

जानेवारी २०१३मध्ये एचएमव्ही दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर आली, मग पळवाट बंद करून काय साधलं, असं विचारणारे आहेत. माझं उत्तर असं: सीडीची ‘रास्त किंमत’ गिऱ्हाइकाच्या डोक्यात चौदा वर्षं बिनकराची बसली होती. दुकानातली किंमत लूट वाटू लागली होती, आणि ती सवय कायद्याच्या तारखेबरोबर जात नाही. प्ले डॉट कॉमनंही त्याच वर्षी स्वतःची विक्री थांबवली. मैदान उरलं ॲमेझॉनला आणि २०१२मध्येच ब्रिटनमध्ये आलेल्या नेटफ्लिक्सला. १ जानेवारी २०२१पासून ब्रिटननं उरलेली सवलतही सर्व देशांसाठी काढली. आता १३५ पौंडांपर्यंतच्या परदेशी मालावर विक्रेत्यानंच विक्रीच्या वेळी व्हॅट घ्यायचा, सीमेवर पाकीट फोडायची गरज नाही. हेच दहा-पंधरा वर्षं आधी झालं असतं, तर अँडीज्सारखी दुकानं वाचली असती की नाही, यावर मी पैज ‘वाचली असती’ या बाजूनं लावीन.