व्हॅक्यूम क्लिनर घेताय? वॉटच्या आधी फिल्टर आणि सर्व्हिस सेंटर बघा

दिवाळीची साफसफाई जवळ आली की मोबाइलवर व्हॅक्यूम क्लिनरच्या जाहिराती सुरू होतात. एकीत '१६०० वॉट', दुसरीत '२० किलोपास्कल', तिसरीत 'हेपा फिल्टर'. आकडे मोठे आणि सूट त्याहून मोठी. मशीन घरी येतं. पहिला महिना सोफ्यापासून पडद्यांपर्यंत सगळं साफ होतं. मग ओढ कमी होते, पाइपला चीर जाते, फिल्टर कुठेच मिळत नाही आणि तेच मशीन खोक्यासकट माळ्यावर जाऊन बसतं.

प्रश्न फक्त वाया गेलेल्या पैशांचा नाही. घरात कुणाला दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असेल, तर चुकीचं मशीन जमिनीवरची बारीक धूळ उचलून पुन्हा हवेत सोडतं. मग टिकणारा आणि खरंच काम करणारा व्हॅक्यूम क्लिनर ओळखायचा कसा?

हे मशीन चालतं कसं?

लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र एवढं अवजड होतं की घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभं करायचे आणि लांबलचक पाइप खिडकीतून घरात सोडायचे. हातात धरून चालवता येणारं विजेचं यंत्र लोकप्रिय झालं ते अमेरिकेत. ओहायोमध्ये सफाईचं काम करणाऱ्या जेम्स मरे स्पँगलर यांना दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीचा त्रास व्हायचा. त्यांनी बनवलेल्या यंत्राचं पेटंट १९०८ मध्ये हूव्हर यांनी विकत घेतलं. भारतात १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्जच्या सेल्समननी दारोदारी जाऊन व्हॅक्यूम क्लिनर मध्यमवर्गीय घरांत पोहोचवला.

तत्त्व आजही तेच आहे. मोटार पंखा फिरवते, पंखा हवा ओढतो, हवेबरोबर धूळ आत येते. फिल्टर धूळ अडवतो आणि हवा मागच्या बाजूने बाहेर पडते. म्हणजे मोटार, हवा न गळणारे जोड, फिल्टर आणि तोंडाशी असलेला ब्रश या चारही गोष्टी नीट हव्यात. जाहिरात मात्र बहुतेक वेळा एकट्या मोटारीबद्दल बोलते.

जास्त वॉट म्हणजे जास्त ताकद का?

नाही. वॉटचा आकडा सांगतो की मशीन वीज किती खातं. धूळ किती ओढतं, हे त्यावरून कळत नाही.

युरोपियन युनियनने २०१४ मध्ये घरगुती व्हॅक्यूम क्लिनरसाठी १६०० वॉटची मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती ९०० वॉटवर आणली. त्यानंतरही तिथे गालिचे साफ होतच आहेत. कंपन्यांना पंखा, हवेचा मार्ग आणि ब्रश सुधारावा लागला, एवढंच.

पास्कल किंवा किलोपास्कल हा ओढीच्या दाबाचा आकडा असतो. पण तो साधारणपणे तोंड बंद असताना, म्हणजे हवा वाहत नसताना मोजलेला सर्वाधिक दाब असतो. धूळ उचलायला दाब आणि हवेचा प्रवाह दोन्ही लागतात. स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक पिताना कितीही जोर लावला, तरी स्ट्रॉ बारीक असेल तर तोंडात थोडंच येतं, तसंच हे आहे. म्हणून दाबासोबत प्रवाहाचा आकडाही दिला आहे का, हे बघा. काही कंपन्या दोन्ही मिळून 'एअर वॉट' देतात. तुलनेसाठी तो जास्त उपयोगी.

आकडे कसे फसवू शकतात, याचं एक उदाहरण युरोपातच घडलं. तिथल्या ऊर्जा लेबलसाठी धुळीचं भांडं रिकामं ठेवून चाचणी व्हायची. डायसन कंपनी कोर्टात गेली. भांडं भरत गेल्यावर मशीनची ओढ कमी होऊ शकते, मग रिकाम्या भांड्याची चाचणी प्रत्यक्ष वापर दाखवत नाही, असा मुद्दा होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोर्टाने तो मान्य केला आणि ते लेबलच रद्द झालं. दुकानातला डेमोही रिकाम्या भांड्याचा आणि कोऱ्या फिल्टरचा असतो, हे विसरू नका.

कोणत्या घरासाठी कोणता प्रकार?

कॅनिस्टर: जमिनीवर ठेवून पाइपने चालवायचं वायरवालं मशीन. सोफा, गाद्या, पडदे, कपाटामागची जागा यासाठी चांगलं. बॅटरीची कटकट नाही. पण पाइप, नळ्या, ब्रश काढा-जोडा करावे लागतात आणि ठेवायला जागा लागते.

ड्रमसारखं वेट अँड ड्राय: सांडलेलं पाणीही ओढतं. बाल्कनी, गाडी, तळमजल्याचं घर, अंगण असेल तर उपयोगी. आवाज आणि वजन जास्त. पाणी ओढण्याआधी कोरड्या धुळीची पिशवी आणि फिल्टर काढायचा असतो. हे विसरलं की फिल्टर गेलाच म्हणून समजा.

कॉर्डलेस स्टिक: भिंतीवर टांगा, उचला, चालवा. रोजच्या केसांसाठी आणि चुऱ्यासाठी सोयीचं. मात्र इथे मशीनचं आयुष्य बॅटरीवर अवलंबून असतं.

रोबोट: मोकळ्या, सपाट फरशीवर रोजची वरवरची धूळ काढतो. उंबरे, जमिनीवरच्या वायरी आणि गोंड्यांच्या सतरंज्या हे त्याचे शत्रू. सोफा किंवा गादी तो साफ करू शकत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत लादी किंवा टाइल्स असतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा क्वचितच दिसतो. केर काढायला झाडू पुरतो. मशीनची खरी गरज असते ती गाद्या, सोफा, खिडक्यांचे रूळ आणि पलंगाखाली. त्यामुळे सपाट ब्रशबरोबर फटीत जाणारं चपटं तोंड आणि गादीचा ब्रश मिळतो का, ते आधी तपासा.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. मशीन चालवणार कोण? घरातली आजी किंवा कामाला येणाऱ्या मावशी ते वापरणार असतील, तर वजन, आवाज आणि भांडं रिकामं करायची पद्धत त्यांना जमणारी हवी. घेण्याआधी दुकानात त्यांच्या हातात एकदा देऊन बघा.

'हेपा' लिहिलंय, म्हणजे झालं का?

हेपा हा हवा गाळण्याचा दर्जा आहे. युरोपीय मानकानुसार एच१३ दर्जाच्या फिल्टरने, अडवायला सगळ्यात अवघड अशा आकाराच्या कणांपैकीही किमान ९९.९५ टक्के कण अडवायला हवेत. एच१४ साठी हे प्रमाण ९९.९९५ टक्के आहे. त्यामुळे खोक्यावर दर्जा लिहिलेला आहे का, ते बघा. 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' या शब्दांना मानकाचा आधार नाही.

दुसरी मेख म्हणजे गळती. फिल्टर उत्तम, पण झाकणाचं रबर सैल असेल, तर हवा फिल्टरला वळसा घालून बाहेर पडते. मशीन सुरू करून मागच्या बाजूला आणि जोडांजवळ हात फिरवा. जिथून हवा यायला नको, तिथून येत असेल तर ते मशीन नको.

अ‍ॅलर्जी असलेल्या घरात पिशवीचं मशीन विचारात घ्या. भरलेली पिशवी तशीच फेकता येते. बिनपिशवीचं भांडं झटकताना धूळ पुन्हा नाकात जाते. पिशव्यांचा खर्च मात्र चालू राहतो.

घरातला प्लग चालेल का?

घरातल्या साध्या, छोट्या सॉकेटची क्षमता ६ अँपिअर असते. २३० व्होल्टला हिशेब केला तर त्यावर जेमतेम १३८० वॉट चालतात. १६०० वॉटचं मशीन सुमारे ७ अँपिअर घेतं, म्हणजे त्याला १६ अँपिअरचा मोठा पॉवर सॉकेट हवा. जुन्या घरांत असा सॉकेट अनेकदा फक्त स्वयंपाकघरात आणि गिझरजवळ असतो. साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर जास्त वॉटचं मशीन चालवणं धोक्याचं आहे, वायर तापू शकते. म्हणून मशीनआधी हॉलमधला सॉकेट बघा आणि वायरची लांबी मोजा.

कॉर्डलेसच्या 'एक तास चालतो' या दाव्याचं काय?

हा वेळ सहसा सगळ्यात कमी वेगावर मोजलेला असतो. खरा अंदाज स्वतः काढता येतो. समजा, बॅटरी २२.२ व्होल्ट आणि २५०० मिलिअँपिअर-तासांची आहे. २२.२ गुणिले २.५ म्हणजे ५५.५ वॉट-तास. पूर्ण वेगावर मशीन ३५० वॉट घेत असेल, तर बॅटरी साडेनऊ मिनिटांत संपेल.

लिथियम-आयन बॅटरी वापरानुसार काही वर्षांत थकतेच. म्हणून तीन प्रश्न विचारा. बॅटरी घरी बदलता येते का? ती सुटी मिळते का? आणि आजची किंमत किती? उत्तर 'नाही' असेल, तर बॅटरी थकली की मशीनही भंगारात.

टिकणारं मशीन ओळखायचं कसं?

मोटारीवर पाच वर्षांची वॉरंटी असते आणि पाइप तिसऱ्या वर्षी फाटतो. बिघाड बहुतेक वेळा अशा साध्या भागांत होतो: पाइप, फिल्टर, वायर गुंडाळणारी स्प्रिंग, ब्रशची चाकं. साध्या मोटारीत कार्बन झिजतात, ते बदलता येतात.

म्हणून पैसे भरण्याआधी एवढं करा: मॉडेलचं नाव टाकून फिल्टर, पाइप आणि पिशवी सुटी मिळते का, ते शोधा. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून तुमच्या पिनकोडवर घरी येऊन सर्व्हिस मिळते का, ते विचारा. पुण्यात मिळणारी सेवा परभणीत किंवा सावंतवाडीत असेलच असं नाही. रिव्ह्यू वाचताना 'आजच आलं, मस्त आहे' हे सोडून द्या आणि वर्षभर वापरलेल्यांचं म्हणणं वाचा.

रोबोट घेणार असाल तर अ‍ॅपचाही विचार करा. नीटो ही रोबोट व्हॅक्यूम बनवणारी अमेरिकी कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. पुढे तिची क्लाउड सेवाही थांबली आणि चालू स्थितीतले रोबोट अ‍ॅपवरून चालेनासे झाले. इंटरनेटशिवाय, फक्त बटणावर रोबोट काय काय करतो, हे आधीच विचारून ठेवा.

घरी आल्यावर कोणत्या चुका टाळायच्या?

रांगोळी, सिमेंट, भिंत घासल्याची पावडर आणि राख साध्या मशीनने ओढू नका. ही बारीक भुकटी फिल्टर बुजवते, हवा अडते आणि मोटार तापते. धुता येणारा फिल्टर धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, त्याला एक दिवसही पुरत नाही. ओला फिल्टर बसवला की कुबट वास येतो आणि मोटारीलाही धोका असतो. ब्रशमध्ये अडकलेले केस दर आठवड्याला कात्रीने कापून काढा.

बिघडला आणि कंपनी दाद देत नसेल तर?

बिल, वॉरंटी कार्ड आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क लागत नाही. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करायला हवी.

थोडक्यात, दुकानात किंवा ऑनलाइन 'किती वॉट?' हा प्रश्न शेवटी विचारा. त्याआधी विचारा: याचा फिल्टर तीन वर्षांनी माझ्या गावात मिळेल का? याचं उत्तर ठामपणे 'हो' असेल, तर ते मशीन माळ्यावर जाण्याची शक्यता बरीच कमी आहे.