घर सुटलेले मूल : गोटुल आणि आश्रमशाळा

लहान मुलाच्या भीतीलाही इतिहास असतो, असे म्हटले तर आपणांपैकी काहींना हसू येईल. इतिहास राजांना असतो, किल्ल्यांना असतो. चांद्याच्या गोंड राजांनी उभारलेल्या परकोटालाही तो आहे. पण तिन्हीसांजेला आईच्या आठवणीने वसतिगृहाच्या कोपऱ्यात मुसमुसणाऱ्या सहा वर्षांच्या पोराची नोंद कोणत्या बखरीत सापडावयाची? तथापि आज मला बोलावयाचे आहे ते त्या पोराविषयीच.

जुन्या चांदा जिल्ह्याचा पूर्वेकडील अरण्यमय भाग 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा काढून गडचिरोली जिल्हा करण्यात आला. त्याच्या दक्षिणेस भामरागडापाशी पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्या इंद्रावतीस मिळतात. हा माडिया गोंडांचा मुलूख. येथे मूल केवळ आईबापांचे असे कधी नव्हतेच. मोहफुले वेचावयास आई पहाटे निघाली की तान्हे तिच्या अंगाशी झोळीत असे. थोडे वाढले की ते थोरल्या बहिणीच्या कडेवर जाई. बहीण तरी केवढी? स्वतःच आठ-नऊ वर्षांची! पण आजी, चुलती, शेजारीण अशा कितीतरी मांड्या त्या पोरास मोकळ्या असत.

आणि गावात गोटुल असे. व्हेरिअर एल्विन यांचा मुरिया गोंडांच्या गोटुलावरील ग्रंथ 1947 साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून शहरी वाचकांनी या संस्थेकडे बहुधा एकाच कुतूहलाने पाहिले, आणि ते कुतूहल फारसे शहाणपणाचे नव्हते. डोंगराळ भागातील माडियांचे गोटुल मुरियांच्या गोटुलाहून निराळे. तेथे रात्री निजावयाचे ते मुलगे आणि अविवाहित तरुण. पाहुणा उतरे तो तेथेच, गावाचा न्यायनिवाडाही तेथेच. आपल्या विषयाच्या दृष्टीने गोटुलाचे महत्त्व असे की, मुलगा आईच्या झोपडीतून बाहेर पडे तो एकदम नव्हे. तो आज गोटुलात निजे, उद्या ताप आला म्हणून घरी परते. मध्यरात्री भय वाटले तर आईचे दार हाकेच्या अंतरावर असे. अंगणही तेच, भाषाही तीच, आणि शेजारी निजलेला पोरगाही चुलत्याचा नाहीतर मामाचा.

याचा अर्थ तो काळ सुवर्णयुगाचा होता असे कोणी समजू नये. हिवताप, उपासमार आणि बालमृत्यू यांनी ही गावे पोखरून काढली होती. मूल भयभीत आहे की आनंदी हा प्रश्न पुढचा. ते जगेल की नाही हाच पहिला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील 39 खेड्यांत गावच्याच स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांची शुश्रूषा त्यांच्या घरीच करविली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले, असा अहवाल 1999 साली प्रसिद्ध झाला. मदत घरापर्यंत चालत गेली, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

शाळेच्या बाबतीत मात्र मदतीची वाट उलट दिशेने गेली. ठक्करबाप्पांनी 1922 साली पंचमहालात भिल्ल सेवा मंडळ स्थापिले. अशा सेवाकार्यांतून आदिवासी मुलांना निवास, अन्न आणि विद्या एकत्र देण्याची पद्धत वाढली, आणि पुढे सरकारने ती आपलीशी केली. हेतू थोरच होता. वस्त्या चार घरांच्या, पावसाळ्यात नाले तुडुंब, शिक्षक टिकेना. अशा स्थितीत दुसरे काय करावयाचे? परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहा. त्याची बोली द्राविडी कुळातली, गुरुजींची मराठी. पाणी हवे, पोट दुखते, भय वाटते हे सांगावयाचे शब्दच त्याच्यापाशी नाहीत. असे मूल गप्प बसते, आणि गप्प बसणाऱ्या मुलास मंदबुद्धी ठरविण्यास वेळ लागत नाही.

मूल घरापासून तुटले म्हणजे काय होते, याचा मोठा धडा जगाला गेल्या महायुद्धात मिळाला. सप्टेंबर 1939 मध्ये बॉम्बच्या भयाने लंडनची मुले खेड्यांत धाडण्यात आली. युद्धकाळात लंडनमध्ये बालगृहे चालविणाऱ्या ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांना असे दिसून आले की, आईच्या सहवासात असलेली मुले बॉम्बवर्षावही बऱ्याच अंशी सोसतात; त्यांना खचविते ती ताटातूट. जॉन बोल्बी यांनी 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात हाच विचार पुढे नेला. पण 1972 साली मायकेल रटर यांनी त्यास महत्त्वाची मुरड घातली. केवळ आईपासून दूर होण्याने सारे बिघडते असे नाही. दूर जाताना मुलासोबत ओळखीचे कोण जाते, तेथे मायेचे स्थिर माणूस भेटते की नाही, आणि मागे घरात कलह होता की सलोखा, यांवर पुष्कळ अवलंबून असते.

रटर यांचे म्हणणे मनात धरून गोटुलाकडे पुन्हा पाहावे. आईपासून थोडी ताटातूट तेथेही होतीच. परंतु मुलाबरोबर त्याचे सारे गाव असे. वसतिगृहात मूल एकटेच जाते. खाऊपिऊ घालणाऱ्या बाईंची बदली झाली की पुन्हा नवा चेहरा.

भामरागडनजीक हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला, आणि 1976 साली तेथे निवासी शाळा निघाली. आरंभी मुले रानवाटांनी घरी पळून जात. मला स्वतःला या पळण्यात काही वावगे वाटत नाही. ज्याला घराची वाट ठाऊक आहे आणि ती धरण्याची हिंमत आहे, त्या पोराचे मन शाबूत आहे असेच मी म्हणेन. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया बोली शिकले. आजाऱ्याशी असो वा मुलाशी, त्याच्याच भाषेत बोलू शकणारे माणूस आसपास असणे ही केवढी गोष्ट! याच शाळेतून पुढे माडिया डॉक्टरही निपजले.

1980 पासून या जंगलात सशस्त्र नक्षलवादी शिरले, आणि घरच्या परिस्थितीला नवे भय जोडले गेले. रात्री बंदूकधारी जेवण मागावयास येत, सकाळी पोलीस चौकशीस. आईच्या छातीतली धडधड कुशीतल्या मुलास कळतेच, त्यासाठी भाषा लागत नाही. अशा काळात कित्येक आईबापांना आश्रमशाळा हाच आसरा वाटला असल्यास नवल नाही. तेव्हा त्यांनी पोर दूर धाडले ते माया कमी म्हणून, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

उलट वाटेचाही एक दाखला महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य मांडले. वाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली, आणि अंगणवाडी हा शब्द मराठीत रुळला. तेथे मूल शिकत असता त्याची आजी पलीकडे बसलेली असे, धाकटे भावंड मांडीवर असे.

गडचिरोलीच्या दूरच्या शाळांत मात्र आजही अंगण मुलाकडे येते ते बाजाराच्या दिवशी. बाप मैलोगणती चालून येतो, ओसरीवर पोरास जवळ घेऊन बसतो. दोघेही फारसे बोलत नाहीत. कमरेच्या फडक्यातून मूठभर चारोळ्या निघतात, आणि त्या संपेपर्यंत बाप उठत नाही.