विज्ञानशिक्षणासाठी परदेशगमन आणि परतीची वाट : पांडुरंग खानखोजे यांच्या विद्यार्थिदशेचा एक अभ्यास (वाशीम जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात परदेशी शिक्षणाचा विचार प्रामुख्याने कायदा, वैद्यक आणि सनदी सेवा यांच्या अनुषंगाने केला जातो. विज्ञान, विशेषतः कृषिविज्ञान शिकण्यासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांकडे अभ्यासकांचे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. वर्ध्यात वाढलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे याचे ठळक उदाहरण होय. गदर चळवळीतील क्रांतिकारक म्हणून त्यांची नोंद इतिहासाने घेतली. परंतु ते विज्ञानाचे विद्यार्थी होते, ही बाब त्या नोंदीत झाकली गेली. त्यांनी परदेशात कोणते ज्ञान संपादन केले आणि त्या ज्ञानाचा लाभ विदर्भाच्या कोरडवाहू भूमीला का होऊ शकला नाही, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

परदेशी विज्ञानशिक्षणाची पार्श्वभूमी

मराठी विद्यार्थ्यांचा अमेरिकेशी संबंध एकोणिसाव्या शतकातच आला. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८६ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. १८९२ मध्ये जमशेटजी टाटा यांनी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. १९०४ मध्ये कलकत्त्यात भारतीयांच्या वैज्ञानिक व औद्योगिक शिक्षणासाठी एक संस्था निघाली व तिने जपान, युरोप आणि अमेरिकेत विद्यार्थी पाठविले. स्वदेशी चळवळीने या प्रयत्नांना राष्ट्रकार्याचे अधिष्ठान दिले. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केल्यानंतर आशियाई राष्ट्रानेही आधुनिक विज्ञान आत्मसात करावे, ही भावना तरुणांत बळावली.

याच वर्षी वऱ्हाडच्या प्रशासकीय नकाशात मोठा फेरबदल झाला. १९०५ पर्यंत स्वतंत्र असलेला वाशीम जिल्हा, ज्याचा उल्लेख इंग्रजी दप्तरात ‘बासिम’ असा होत असे, बरखास्त करून त्याचा मोठा भाग अकोला जिल्ह्यात विलीन करण्यात आला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. या भागातील शेती तेव्हाही मुख्यतः पावसावर अवलंबून होती आणि आजही आहे. पिके मात्र बदलली. कापूस व ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणात सोयाबीन व तुरीने घेतली.

अमेरिकेतील विद्यार्थिदशा

लोकमान्य टिळकांच्या विचारांनी प्रभावित झालेले खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेस पोहोचले. सशस्त्र लढ्यासाठी लष्करी शिक्षण घेणे हा त्यांचा एक हेतू होता. कॅलिफोर्नियातील तमालपाइस लष्करी अकादमीत त्यांनी असे शिक्षण घेतले. त्याचबरोबर बर्कली येथील विद्यापीठ, कोर्व्हॅलिसचे ओरेगॉन कृषी महाविद्यालय आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट कॉलेज येथे त्यांचे विज्ञानाचे अध्ययन झाले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. नागपूर व पुणे येथे कृषिशिक्षणाची सोय होत असताना अमेरिकेस जाण्याचे प्रयोजन काय? राजकीय हेतू हे त्याचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर अमेरिकन कृषी महाविद्यालयांच्या रचनेत सापडते. १८६२ च्या मॉरिल कायद्याने या महाविद्यालयांना जमिनीच्या रूपाने आर्थिक आधार दिला. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोगकेंद्रे जोडली. परिणामी वर्ग, प्रयोगशाळा आणि शेत एकाच आवारात आले. वसाहतकालीन भारतात कृषिशिक्षणाचा मुख्य उपयोग शेतकी खात्यास नोकर पुरविण्यासाठी होत असे. अमेरिकेत ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचविण्याचा प्रयत्न होता.

विद्यार्थ्यांचे जीवन मात्र सुखाचे नव्हते. पॅसिफिक किनाऱ्यावर आशियाई लोकांविरुद्ध द्वेष वाढत होता. १९०७ मध्ये बेलिंगहॅम येथे जमावाने भारतीय मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. ओरेगॉनच्या लाकूड गिरण्यांत राबणारे पंजाबी मजूर आणि महाविद्यालयात शिकणारे तरुण यांचा संपर्क याच काळात वाढला. त्यातून १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली आणि खानखोजे तिच्या आरंभीच्या संघटकांपैकी एक ठरले.

या धामधुमीतही त्यांचे संशोधन थांबले नाही. १९१४ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ ॲग्रॉनॉमीच्या नियतकालिकात वनस्पतींच्या पाण्याच्या गरजेवर परिणाम करणाऱ्या घटकांविषयी त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एक किलो शुष्क पदार्थ तयार करण्यासाठी पीक किती किलो पाणी खर्च करते, हा त्या काळी कृषिविज्ञानातील ऐरणीवरचा प्रश्न होता. पिकानुसार, जमिनीच्या सुपीकतेनुसार व हवामानानुसार हे प्रमाण बदलते. दोन पावसांमधील खंडात पीक तगेल की करपेल, या वाशीम-अकोल्याच्या शेतकऱ्याच्या चिंतेचेच ते शास्त्रीय रूप होय.

ज्ञान एका देशाचे, उपयोग दुसऱ्या देशात

पहिल्या महायुद्धात खानखोजे इराणच्या बाजूने ब्रिटिशविरोधी कारवायांत सहभागी झाले. त्यानंतर ब्रिटिश राजवटीत मायदेशी परतण्याचे दार त्यांच्यासाठी बंद झाले. १९२४ मध्ये ते मेक्सिकोस पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापन करू लागले. मक्याच्या व गव्हाच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले. मक्याचा वन्य नातेवाईक असलेल्या तेओसिंते या गवताचाही त्यांनी अभ्यास केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारण्याच्या कार्यात त्यांनी पुढाकार घेतला. दिएगो रिवेरा यांच्या भित्तिचित्रात भाकरी वाटणाऱ्या मध्यवर्ती व्यक्तीची मुद्रा खानखोजे यांचीच असल्याचे मानले जाते.

तुलनेसाठी रथींद्रनाथ टागोर यांचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यांनीही १९०६ ते १९०९ या काळात इलिनॉय विद्यापीठात कृषिविज्ञानाचे शिक्षण घेतले. त्यांना परत येता आले आणि १९२२ मध्ये सुरू झालेल्या श्रीनिकेतनच्या ग्रामीण प्रयोगास त्यांच्या ज्ञानाचा लाभ झाला. दोघांचा अभ्यासविषय एकाच शाखेतील, कालखंडही जवळपास एकच. फरक पडला तो परतीच्या वाटेने. पुढे १९६० च्या दशकात मेक्सिकोत विकसित झालेले बुटके गहू भारतात आले. ते नॉर्मन बोरलॉग यांच्या स्वतंत्र संशोधनाचे फलित होते व त्यांचा खानखोजे यांच्या कार्याशी थेट संबंध जोडणे योग्य ठरणार नाही. तरीही ज्या देशाच्या कृषिशिक्षणात एका वैदर्भीयाने आपली उमेदीची वर्षे वेचली, त्याच देशाकडे भारताला बियाण्यासाठी पाहावे लागले, ही वस्तुस्थिती उरतेच.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, मध्यप्रांत सरकारच्या निमंत्रणावरून खानखोजे भारतात आले. १९५५ च्या सुमारास ते नागपूरला स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. वाशीम परिसराला हक्काचे कृषी विद्यापीठ मिळाले तेव्हा हा संशोधक हयात नव्हता.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, खानखोजे यांचे क्रांतिकार्य आणि विज्ञानाध्ययन या दोन स्वतंत्र कथा नव्हेत. देश स्वतंत्र करणे आणि त्याचे शेत पिकविणे हे त्यांच्या लेखी एकच कार्य होते. दुसरा, त्यांनी परदेशातून केवळ वाण वा तंत्र घेतले नाही, तर विद्यालय, प्रयोग व शेतकरी यांना जोडणारी पद्धत घेतली. मेक्सिकोतील मुक्त कृषिशाळा ही तिची साक्ष आहे. तिसरा, परदेशी शिक्षणाचे मोल विद्यार्थ्याच्या गुणवत्तेइतकेच त्याच्या परतीनंतरच्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

हा तिसरा निष्कर्ष वाशीम जिल्ह्यास विशेषत्वाने लागू पडतो. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांत समाविष्ट केलेल्या या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनाही आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे जगातील विद्यापीठांची दारे ठोठावता येतात. जाण्याची वाट पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे. खानखोजे यांच्या काळी परतीची वाट परकीय सत्तेने अडविली होती. आज ती अडविणारी सत्ता नाही. मात्र परतलेल्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळा, प्रयोगक्षेत्र आणि ऐकणारा शेतकरी उपलब्ध करून देण्याची जबाबदारी येथील महाविद्यालयांवर येऊन पडते. ती पार पडली नाही, तर येथील मातीत उपजलेले प्रश्न परदेशात सुटतील आणि उत्तरेही तिकडेच राहतील.