मेकाँगचा पंगस आणि काचेतला ‘शार्क’

हवा भरून रबरबँडने बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी, आत ओंजळभर पाणी आणि बोटाएवढे दोन चंदेरी मासे. अंगावर लांबट काळे पट्टे, पाठीवर उभा त्रिकोणी पर, क्षणभरही न थांबणारे पोहणे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास किंवा कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटवरच्या रविवारच्या बाजारात हा मासा ‘शार्क’ म्हणून विकला जातो. कोकणात ज्याने मुशी पाहिली आहे त्याने जरा निरखून बघावे. याच्या ओठांशी मिशा आहेत आणि अंग बिनखवल्याचे, गुळगुळीत आहे. हा शिंगाळ्याच्या जातकुळीतला, गोड्या पाण्यातला कॅटफिश. शास्त्रीय नाव पँगासिॲनोडॉन हायपोफ्थॅल्मस, गाव मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांचे. पूर्ण वाढला की तो सव्वा मीटरच्या पुढे जातो, आणि ४४ किलो वजनाची नोंद आहे. पिशवी घेऊन घरी निघालेल्या मुलाला यातले काहीच ठाऊक नसते.

या घराण्याच्या नावात एक बंगाली शब्द दडला आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरचा फ्रान्सिस हॅमिल्टनचा ग्रंथ १८२२ साली निघाला. त्यात त्याने कोळ्यांच्या तोंडचा ‘पंगास’ हा शब्द उचलून लॅटिन नावात बसवला. पुढे त्यावरूनच पँगासियस हे कुलनाम आणि पँगासिडी हे कुटुंबनाम आले. मेकाँगच्या माशाला नाव मिळायला मात्र १८७८ उजाडले. पॅरिसच्या संग्रहालयातल्या आन्री एमिल सोवाजने त्याला ‘हायपोफ्थॅल्मस’ म्हटले, म्हणजे डोळा खाली असलेला. हे नाव अगदी नेमके आहे. माशाला समोरून पाहिले तर डोळे तोंडाच्या रेषेत उतरलेले दिसतात.

मग घोळ सुरू झाला. फिलाडेल्फियाच्या विज्ञान अकादमीतल्या हेन्री वीड फाउलरने सयाममधून आलेले नमुने तपासले आणि १९३७ मध्ये त्यांना नवी जात ठरवून ‘पँगासियस सुटची’ असे नाव दिले. मत्स्यशेतीच्या पुस्तकांत आणि शोभिवंत माशांच्या व्यापारात हेच नाव रुळले. भारतातले मत्स्यशेतकरी आजही ‘सुटची’ म्हणतात. टायसन रॉबर्ट्स आणि थायलंडचे चवलित वित्थयानोन यांनी सबंध कुटुंबाची फेरतपासणी केली, तेव्हा सुटची आणि हायपोफ्थॅल्मस एकच असल्याचे नक्की झाले. त्यांचा तो निबंध १९९१ साली फिलाडेल्फियाच्या त्याच अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. नाव जिथून निघाले होते तिथेच ते रद्द झाले, पण मधली चोपन्न वर्षे एका माशाची दोन नावे नांदत होती.

ओळखीची खरी कसोटी लागते ती याच्या दोन भाऊबंदांमुळे. दोघांनाही शास्त्रीय नाव मिळाले ते १९३१ साली. फ्रेंच इंडोचायनात काम करणाऱ्या पिएर शेव्हेने मेकाँगच्या महाकाय माशाला पँगासिॲनोडॉन गिगास म्हटले. ‘ॲनोडॉन’ म्हणजे दात नसलेला. मोठ्या माशाला दात नसतात आणि मिशाही जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात, पण पिल्लाला दोन्ही असतात. त्यामुळे कुलनामातली खूण पिल्लावर पडताळताच येत नाही. थाई लोक या माशाला ‘प्ला बुक’ म्हणतात. २००५ च्या मे महिन्यात उत्तर थायलंडमध्ये एक प्ला बुक जाळ्यात आला. लांबी २.७ मीटर, वजन २९३ किलो. तो वाचला नाही. १९३१ मध्येच सयाम सरकारचा मत्स्यसल्लागार ह्यू मॅककॉर्मिक स्मिथ याने दुसऱ्या भाऊबंदाला पँगासियस सॅनिटवाँगसी हे नाव दिले. त्याचे थाई नाव ‘प्ला थेपा’. यातला ‘थेपा’ संस्कृत ‘देव’ शब्दाच्या घरचा आहे. तोही तीन मीटरपर्यंत वाढतो, आणि त्याचीही पिल्ले ‘शार्क’ म्हणूनच विकली जातात.

पिल्लू हातात असताना बघायचे काय? हायपोफ्थॅल्मसच्या अंगावर दोन काळे पट्टे असतात, शेपटीच्या दोन्ही पाळ्यांत एकेक गडद रेघ असते आणि पोटामागच्या लांब पराच्या मधोमधही एक रेघ जाते. थेपाचे डोके रुंद आणि चपटे असते. त्याच्या पाठीवरच्या, छातीच्या आणि पोटाच्या परांची टोके दोऱ्यासारखी लांब वाढतात. त्या झोकदार परांसाठीच त्याला जास्त पैसे पडतात. फरक अवघड नाहीत, पण दुकानातल्या गर्दीत ते पाहायला कुणी थांबत नाही.

टाकीत या माशाचे जे होते ते पाहवत नाही. तो कळपाने राहणारा, लांब पल्ल्याचा प्रवास करणारा आणि कमालीचा भित्रा आहे. दिवा अचानक लागला किंवा कुणी काचेवर टिचकी मारली की तो सैरावैरा सुटतो, काचेवर आदळतो आणि तळाशी मेल्यासारखा पडून राहतो. तीन फुटी टाकीत त्याची वाढ खुंटते आणि नाकाड कायमचे सोललेले राहते. गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो वर येऊन हवा गिळतो, म्हणून मरत नाही. या चिवटपणामुळेच पाळणाऱ्याला वाटते की सगळे ठीक चालले आहे.

एवढा मोठा नदीचा मासा इतका स्वस्त कसा झाला, याचे उत्तर माणसाच्या ताटात आहे. व्हिएतनाममध्ये त्याला ‘चा’ म्हणतात. चाऊ डॉकला नदीवर तरंगणारी घरे आहेत आणि त्यांच्या जमिनीखाली जाळीचे पिंजरे सोडलेले असतात. त्यांत हे मासे वाढवले जात. बीज नदीचेच असे. पावसाच्या तोंडावर कंबोडियात क्राटिएच्या वरच्या अंगाला मासे अंडी घालतात. ती पाण्यातल्या झाडांच्या मुळ्यांना चिकटतात, आणि बाहेर आलेले मत्स्यजिरे पुराबरोबर वाहत खाली येते. तान चाऊ भागातले कोळी ते पिशवीच्या आकाराच्या जाळ्यांनी गाळून घेत. त्यात इतर असंख्य जातींची पिल्लेही सापडत, आणि ती वाया जात. कंबोडियाने १९९४ मध्ये आणि व्हिएतनामने २००० मध्ये हा धंदा बंद केला.

तोवर दुसरी वाट सापडली होती. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. तळ्यात आपणहून अंडी न घालणाऱ्या माशाला इंजेक्शनने अंडी घालायला लावण्याची ही रीत आशियाभर पसरली. आपल्याकडे आजही १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन असतो. पंगसच्या हॅचऱ्या याच तत्त्वावर चालतात. एकेका मादीची अंडी लाखांच्या घरात असतात, आणि त्या बोटुकल्यांच्या लोंढ्यातली एक धार शोभिवंत माशांच्या बाजाराकडे वळली. मोठ्यांची भूक आणि मुलांची हौस एकाच हॅचरीतून भागू लागली.

नावाचा घोळ ताटातही आला. अमेरिकेने २००२ मध्ये कायदा केला आणि व्हिएतनामच्या या माशाला ‘कॅटफिश’ म्हणून विकायला मनाई केली. आपल्याकडे हॉटेलांत तो ‘बासा’ म्हणून मिळतो. खरा बासा म्हणजे पँगासियस बोकोर्टी, ही वेगळी जात आहे. ज्या घरात टाकीतल्या ‘शार्क’ला मुले नाव ठेवतात, त्याच घरात रविवारी बासा फिंगर मागवले जातात, आणि दोन्ही एकच मासा असतो.

चुकीच्या ओळखीची किंमत किती मोठी असू शकते हे दाखवणारा मासा म्हणजे बाला शार्क. तो खरा तर खवले असलेला, कार्पच्या नात्यातला. काळ्या कडांच्या परांमुळे जगभरच्या टाक्यांत तो लाडका झाला. सुमात्रा-बोर्निओचा आणि थायलंड-इंडोचायनाचा बाला एकच, असे सगळे धरून चालले होते. २००७ मध्ये ऊंग हॉक ही आणि मॉरिस कोटेलाट यांनी बरण्यांत जपलेले जुने नमुने ताडून पाहिले आणि इंडोचायनाची जात वेगळी असल्याचे दाखवून दिले. तिचे नाव ॲम्बस्टिकॉडा, जळक्या शेपटीची. नाव मिळाले तेव्हा तो मासा नदीत कित्येक दशके कुणाला दिसलेला नव्हता.

भारतात मेकाँगचा पंगस १९९० च्या दशकाच्या मध्यात बांगलादेशमार्गे पश्चिम बंगालमध्ये आला आणि थोड्याच वर्षांत आंध्रच्या तळ्यांत त्याची मोठी शेती उभी राहिली. तळ्यातून निसटलेले आणि टाकीत मावेनासे झाल्यावर सोडून दिलेले मासे आता नद्यांतही सापडतात. तिथे त्यांची गाठ आपल्या पंगसांशी पडते. त्यांतल्या एकाची ओळख तर अगदी अलीकडची आहे. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णेच्या पात्रात, नागार्जुनसागर इथे मिळालेला पंगस ही स्वतंत्र जात आहे, असे २०१७ मध्ये जाहीर झाले. मत्स्यशास्त्रज्ञ ई. जी. सायलस यांच्यावरून तिला पँगासियस सिलासी म्हणतात. जाळ्यात आलेला पंगस घरचा की पाहुणा हे ठरवायला पोटाखालच्या परांपैकी एक पसरून त्यातल्या काड्या मोजतात. सहा भरल्या तर तो आपल्या नदीचा, आठ किंवा नऊ भरल्या तर मेकाँगचा.