इनामगाव

इनामगाव : महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वसाहतीचे स्थळ. ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, पुण्याच्या पूर्वेस सुमारे ८० ते ९० किमी. अंतरावर, घोड नदीच्या उजव्या तीरावर आहे. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे सलग वस्ती होती. दख्खनमधील प्रारंभीच्या खेड्यांपैकी इतक्या विस्ताराने आणि इतक्या बारकाईने उत्खनन झालेले दुसरे खेडे क्वचितच सापडेल.

घोड नदी भीमाशंकरच्या परिसरातील डोंगरांत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत भीमेला मिळते. तिच्या उगमाकडे पाऊस मुबलक, पण इनामगावचा परिसर पर्जन्यछायेत येतो. तेथे वर्षाला सरासरी ५०० मिमी.च्या आसपासच पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा असतो. त्यामुळे गावावर ढग फिरकले नाहीत, तरी घाटातल्या पावसाने नदीला पूर येतो. काठची काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून रब्बी पिके घेता येतात. जमीन चांगली, वरचे पाणी अपुरे आणि खाली भरून वाहणारी नदी, या परिस्थितीतूनच येथील इतिहास घडला आहे.

डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी त्याची धुरा वाहिली. एखादा खड्डा खणून थरांचा क्रम पाहण्यापुरते हे काम मर्यादित नव्हते. आडवे उत्खनन करून शंभराहून अधिक घरे उघडी करण्यात आली. धान्याचे दाणे, जनावरांची हाडे आणि माणसांचे सांगाडे यांचा स्वतंत्र अभ्यास झाला. अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. राजांच्या नोंदी नसलेल्या काळातील साध्या कुणब्याचे घर, त्याचे अन्न आणि त्याची श्रद्धा यांचे एवढे स्पष्ट दर्शन या चिकाटीमुळेच घडू शकले.

वस्तीचे तीन कालखंड पडतात. पहिला माळवा संस्कृतीचा (इ. स. पू. सुमारे १६०० ते १४००). या लोकांची घरे मोठी, आयताकार, कुडाच्या भिंतींची आणि गवती छपराची होती. पुढचा पूर्व जोर्वे काळ (१४०० ते १०००) गावाच्या भरभराटीचा होय. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावावरून ओळखली जाणारी, तांबूस पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली चाकावरची खापरे आणि तोटीची भांडी या थरांत विपुल मिळतात. सातूचे पीक प्रमुख होते. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा व कुळीथ पिकत. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळल्या जात. हरणांची शिकारही होई. तांबे दुर्मीळ असल्याने रोजची कामे गारगोटीच्या जातीच्या दगडांपासून काढलेल्या पात्यांवर चालत.

याच काळात गावकऱ्यांनी नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी सुमारे ४ मी. रुंद आणि साडेतीन मी. खोल पाट खणला व त्यालगत दगडमातीचा बांध घातला. गावाभोवती तटबंदी आणि खंदकही होता. इतके खोदकाम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी माणसे एकत्र आणणारी आणि पाण्याच्या वाटपाचा निवाडा करणारी सत्ता हवी. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर मिळाले असून त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. हे घर गावच्या प्रमुखाचे असावे आणि सामायिक धान्याचा साठा त्याच्या ताब्यात असावा, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. कुंभारासारख्या कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती.

मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मुलांसाठी दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवले जात. प्रौढांना उत्तर-दक्षिण खड्ड्यात उताणे निजवत आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली असत. मृताने घर सोडून जाऊ नये, ही त्यामागील भावना असावी. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र कच्च्या मातीच्या, चार पायांच्या पोटफुगीर रांजणात बसवलेला एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा आढळला. त्याची पावले शाबूत होती. सोबतच्या एका भांड्यावर वल्ह्यांच्या नावेचे चित्र आहे. एका घरात जमिनीखाली पुरलेल्या मातीच्या डबीत स्त्रीमूर्ती होती. डबीवर शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि बैल ठेवलेला होता. सुफलतेच्या देवतेची ही पूजा असावी.

उत्तर जोर्वे काळात (१००० ते ७००) गावाची रया गेली. प्रशस्त आयताकार घरांच्या जागी एकमेकींना खेटून बांधलेल्या लहान गोल झोपड्या आल्या. खापरे जाडीभरडी झाली, नक्षी ओसरली. शेतीचा वाटा घटला आणि शेळ्या-मेंढ्यांवर व शिकारीवर भिस्त वाढली. बालकांच्या हाडांवर कुपोषणाच्या खुणा दिसतात आणि दफनांमध्ये मुलांचे प्रमाण मोठे आहे. ढवळीकरांनी या अवनतीचे कारण हवामान कोरडे होत जाण्यात शोधले. पाऊस कमी झाल्याने शेती मोडली आणि लोक अर्धभटके झाले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अमेरिकन संशोधक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी बालकांच्या सांगाड्यांच्या अभ्यासानंतर या मताला मुरड घातली. त्यांच्या मते प्रदेश आधीपासूनच निमशुष्क होता, म्हणून केवळ हवामानाला दोष देता येत नाही. जमीन व पाणी यांवर वाढलेला भार आणि शेतीची पद्धतही हिशेबात घ्यावी लागते. हा वाद मिटलेला नाही. जोर्वे संस्कृतीची बरीच खेडी इ. स. पू. १००० च्या सुमारास ओस पडली असताना, इनामगावच्या लोकांनी आणखी तीनशे वर्षे तग धरला, ही गोष्ट मात्र दोन्ही मतांना विचारात घ्यावी लागते. इ. स. पू. ७०० च्या सुमारास हे गावही उठले. उत्खननात मिळालेल्या वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहात जपलेल्या आहेत.