कपोतदूत आणि परतीची वाट

दूतकाव्यात दूताला वाट सांगावी लागते. कालिदासाच्या यक्षाने मेघाला रामगिरीपासून अलकेपर्यंतचा प्रवास नद्या, पर्वत आणि नगरे यांच्या खुणांसह समजावून दिला. ‘मेघदूता’चा पूर्वार्ध मुख्यतः या वाटेचाच आहे. पुढच्या कवींनी वारा, हंस असे आणखी दूत धाडले. कबूतर मात्र ‘मेघदूता’त निराळ्याच जागी भेटते. उज्जयिनीत मेघाने रात्र काढावी ती एखाद्या प्रासादाच्या छपराशी, जिथे पारवे झोपी गेले आहेत, असे यक्ष सुचवतो. ज्या पक्ष्याला जगभर दूत म्हणून मान मिळाला, तो इथे घरी निजलेला आहे. कवीच्या मनात तसे काही असेलच असे नाही. पण या पक्ष्याच्या स्वभावाचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल.

कारण कबूतर निरोप घेऊन कुठेही जात नाही. ते घरी परत येते, एवढेच. ज्याला निरोप हवा असेल त्याच्या ढाबळीत ते वाढलेले असावे लागते. तिथून त्याला पेटीत घालून दूर न्यावे लागते, आणि मग त्याच्या पायाला चिठ्ठी बांधून सोडले की ते आपल्या घराकडे झेपावते. सिनेमातली नायिका आपल्या हातातल्या कबुतराला प्रियकराकडे जायला सांगते, तेव्हा व्यवहारात ते कबूतर प्रियकराच्या घरचे असले तरच तिचे काम होईल. कबुतराला ‘जा’ कळत नाही. ‘दूत’ हा शब्द आपण त्याच्या परतीला दिलेला आहे, आणि या शब्दाने एक गोष्ट झाकली जाते: प्रत्येक कपोतदूताच्या मागे त्याला आधी घरापासून दूर नेणारा एक माणूस असतो.

भारतीय वाङ्मयात कपोताचे दूतपण फार जुने आहे, पण ते भयाचे आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १६५व्या सूक्तात घरात शिरलेले कबूतर निर्ऋतीचा दूत मानले आहे आणि त्याच्यापासून रक्षणाची प्रार्थना केली आहे. ‘पंचतंत्रा’तला चित्रग्रीव हा कपोतराजा निरोप्या नाही; पारध्याच्या जाळ्यासकट थव्याला उडवून नेणारा तो नेता आहे. हेच नाव धनगोपाल मुखर्जी यांनी आपल्या इंग्रजी बालकादंबरीतल्या कबुतराला दिले. १९२७ साली निघालेल्या आणि पुढच्या वर्षी अमेरिकेचे न्यूबेरी पदक मिळवणाऱ्या त्या पुस्तकात कोलकात्यात वाढलेला चित्रग्रीव पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेबरोबर फ्रान्सच्या रणभूमीवर जातो. तिथवर त्याला माणसेच नेतात.

मुघल दरबारात कबुतरे वेगळ्या कारणाने लाडकी होती. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फझल या छंदाला ‘इश्कबाजी’ या नावाने ओळखतो आणि बादशहाकडे वीस हजारांहून अधिक कबुतरे असल्याचे नोंदवतो. या परंपरेतले कौशल्य थवा घराच्या माथ्यावर तासन्‌तास उडता ठेवण्याचे, त्याला कोलांट्या घ्यायला लावण्याचे आणि शिटीच्या एका इशाऱ्यावर खाली उतरवण्याचे. माझगाव, डोंगरी, भायखळा या भागांतल्या जुन्या गच्च्यांवर बांबूच्या काठीला फडके बांधून थवे उडवणारे शौकीन याच परंपरेचे वारस. शेजाऱ्याच्या थव्यातला एखादा पक्षी भुलून आपल्या थव्यात उतरला, की तो आपला! लांब पल्ल्याच्या शर्यतीचे शास्त्र याच्या नेमके उलट आहे. एका परंपरेत पक्षी घरावरून हलत नाही. दुसरीत तो घरापासून शेकडो किलोमीटर दूर नेला जातो. दोन्हींचा आधार मात्र एकच, घराची ओढ.

या ओढीचा राजकीय उपयोग किती उलटा असतो, ते १८७०-७१च्या पॅरिसच्या वेढ्यात दिसले. वेढलेल्या शहराला बाहेरची बातमी हवी होती, म्हणून पॅरिसची कबुतरे बलूनमधून बाहेर पाठवावी लागली. बाहेरून ती सूक्ष्म छायाचित्रांवर उतरवलेली हजारो पत्रे घेऊन निघत. थंडी, धुके आणि ससाणे यांतून फार थोडी घरी पोचली. ज्यांना वेढा चुकवून बाहेर नेले होते, ती पुन्हा वेढ्यातच परतत होती. पक्ष्याला वेढा ठाऊक नसतो.

बातमी आणि कबूतर यांचे नाते मुंबईशी एका आडवळणाने जुळते. १८५० साली आखेन आणि ब्रसेल्स यांच्यामध्ये तारेची वाट तुटलेली होती. पॉल ज्यूलियस रॉयटर याने ती फट कबुतरांनी भरून काढली. बाजारभाव आगगाडीच्या आधी पोचू लागले. पुढच्याच वर्षी तार जोडली गेली आणि कबुतरांचे काम संपले. त्याच रॉयटरची कचेरी १८६६ साली मुंबईत उघडली, तेव्हा तिच्या हाती पक्षी नव्हते, तार होती. म्हणजे जिथे तार पोचली नाही किंवा तुटली, तेवढ्या अंतरापुरते कबूतर. आधुनिक काळातल्या कपोतदूताचा सगळा इतिहास अशा फटींचा इतिहास आहे.

स्वतंत्र भारतातले याचे मोठे उदाहरण ओडिशाचे. १९४६ साली तिथल्या पोलिसांनी सैन्याकडून मिळालेल्या कबुतरांवर कोरापुटच्या डोंगराळ जिल्ह्यात प्रयोग सुरू केला. १९४८च्या एप्रिलमध्ये हिराकुडच्या कामासाठी आलेल्या पंतप्रधान नेहरूंचा संदेश संबलपूरहून कटकला कबुतरानेच पोचवला. १९८२चा पूर आणि १९९९चे महाचक्रीवादळ या दोन्ही प्रसंगी, तारा आणि बिनतारी यंत्रणा कोलमडल्या असताना, ही सेवा उपयोगी पडली. पुढे नियमित सेवा बंद झाली आणि थोडे पक्षी समारंभापुरते उरले. एकाच पक्ष्याकडून दोन्ही दिशांनी काम घेण्याची युक्तीही अशा सेवांत वापरली जाते: दाणा एका ठिकाणी, घरटे दुसऱ्या ठिकाणी. त्या युक्तीतही ‘जा’ नाही. एका घराचे दोन तुकडे केलेले आहेत.

ओडिशात हा प्रयोग सुरू होता त्याच सुमारास मुंबईच्या बंदरात अशी एक फट भयानक रीतीने उघडी पडली. माझगावच्या किनाऱ्यावरच्या आजच्या भाऊच्या धक्क्याचे नाव ज्या दुर्घटनेशी कायमचे जोडले गेले, ती ‘रामदास’ बोटीची. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी रेवसकडे निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटेने उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई डोळ्यांपुढे होती, तरी शहराला कित्येक तास काही कळले नाही. बातमी आणली ती पोहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांनी. कबुतराने या प्रवाशांना वाचवले असते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. आषाढातल्या झडीत तेही सुखाने उडत नाही. पण दूताची गरज अंतराने ठरत नाही, हे ‘रामदास’ने दाखवले. काही मैलांची फटही जीवघेणी असू शकते, आणि दूत नसला की परत येणारे शरीरच निरोप होते.

दूतकर्म संपल्यावर उरली ती शर्यत. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये ती रुजली. पिल्लू आठवड्याचे असताना त्याच्या पायात क्रमांकाचे कडे चढवतात. पाय वाढला की ते निघत नाही. महिन्याभराने ते आईबापांपासून वेगळे होते, ढाबळीभोवतीचे आकाश ओळखू लागते, आणि मग त्याला पेटीतून पाच, दहा, वीस, चाळीस किलोमीटर असे वाढत्या अंतरावर नेऊन सोडतात. शर्यतीत सर्व पक्षी एका जागेहून सुटतात, पण प्रत्येकाचे घर निराळे. म्हणून अंतराला वेळेने भागून मिनिटाला किती मीटर, यावर निकाल लागतो. सर्वांची सुरुवात एक आणि शेवट वेगवेगळा, अशी ही जगावेगळी स्पर्धा आहे.

भारतात चेन्नई, बेंगळुरू, कोलकाता ही या खेळाची ठळक केंद्रे. माझगाव नकाशावर ठेवून पाहिले की मुंबईला हा खेळ अवघड का, ते ध्यानात येते. एका बाजूला बंदराचे पाणी आणि पुढे सह्याद्री, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, आणि वर्षाचे चार महिने पाऊस. चेन्नईचे शौकीन आपली कबुतरे उत्तरेच्या लोहमार्गाने बल्लारशा, नागपूर आणि त्याही पलीकडे नेऊन सोडतात. नागपूर ते चेन्नई हे सरळ अंतर सुमारे नऊशे किलोमीटरचे. या नागपूरपासून पन्नासएक किलोमीटरवर रामटेक आहे, ज्याला यक्षाचा रामगिरी मानले जाते. तिथून मेघ विरहाचा निरोप घेऊन उत्तरेला गेला. कबूतर त्याच परिसरातून, कुणाचाही निरोप न घेता, दक्षिणेला घरी निघते.

विरह मात्र इथेही आहे, आणि तो हिशेबात धरलेला आहे. बेल्जियन शौकिनांची एक गाजलेली पद्धत ‘वैधव्य’ या नावानेच ओळखली जाते. नराला मादीपासून दूर ठेवतात, शर्यतीला नेण्यापूर्वी क्षणभर तिचे दर्शन घडवतात, आणि पेटी बंद करतात. त्या ओढीने तो अधिक वेगाने परततो. यक्षाला वर्षभराचा शाप कुबेराने दिला. इथे शाप दर आठवड्याचा आहे आणि त्यावर बक्षीस लागलेले आहे. दूतकाव्याचा वाचक या पद्धतीपाशी अस्वस्थ व्हायला हवा, कारण विरहाचे मोल लावणे ही आपल्याही परंपरेला अपरिचित गोष्ट नाही. आपण त्याचे काव्य केले, त्यांनी त्याची गती केली.

हा पक्षी वाट कशी शोधतो, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. १९५०च्या दशकात गुस्ताव क्रामरने मांडले की त्याला ‘नकाशा’ आणि ‘होकायंत्र’ दोन्ही लागतात. होकायंत्राचे काम सूर्य करतो: पक्ष्याचे शरीरातले घड्याळ कृत्रिम प्रकाशाने सहा तास पुढेमागे केले, तर तो सुमारे काटकोनात चुकतो. ढगाळ दिवशी पाठीवर चुंबक बांधलेली कबुतरे भरकटतात, हे विल्यम कीटनने १९७१ साली दाखवले. इटलीतल्या संशोधकांनी नकाशाचे श्रेय वाऱ्याने आणलेल्या वासांना दिले, तर ऑक्सफर्डच्या अभ्यासात ओळखीच्या मुलखातली कबुतरे महामार्गांच्या वळणांवर वळताना आढळली. यक्षाने मेघाला सांगितलेली नद्या-डोंगरांची यादी या पक्ष्याच्या अंगातच कुठेतरी लिहिलेली असते.

शर्यतीचे कबूतर आणि मुंबईच्या छज्ज्यांवर घुमणारे कबूतर जातीने एकच. २०२५ साली महापालिकेने कबुतरखाने बंद करायला घेतले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि दादरचा कबुतरखाना आरोग्य विरुद्ध श्रद्धा असा वाद होऊन बसला. त्या वादाचा निवाडा हा या लेखाचा विषय नाही. पण दाण्याची जागा बदलली तरी हा पक्षी सहजी हलत नाही, ही तक्रार आणि शर्यतीतले त्याचे कौतुक, दोन्ही एकाच गुणाची आहेत. नऊशे किलोमीटर उडून तो घरी आला की आपण त्याला शूर म्हणतो. आपल्या खिडकीला घर मानून तो परत आला की हट्टी.

माझगावच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या कोकणातून माणसे आली, आणि गणपतीला परत जात राहिली. त्यांच्या येण्याचा हिशेब गोदीच्या हजेरीपटांनी ठेवला. परतण्याचा हिशेब कुणाच्या दप्तरात नाही. वाङ्मयाच्या इतिहासातही आपण दूताने नेलेला निरोप जपून ठेवतो आणि दूताचे घर विसरतो. चिठ्ठी वाचून झाल्यावर ढाबळीत शिरलेल्या पक्ष्याकडे पाहणे, हे वाचकाचेही काम आहे.