किल्ली कोणाच्या हाती?

घर बांधून दिले की गवंडी मोकळा होतो. संगणकाचा सारा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम रचणाऱ्याच्या नशिबी मात्र ही मोकळीक नाही. आज भक्कम वाटलेल्या भिंतीत उद्या भगदाड सापडते, आणि चोराच्या आधी ते बुजवावे लागते. ही डागडुजी घरोघर आपोआप कशी पोहोचवावी? ज्यांचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो अशा मुक्तस्रोत सिस्टिमांनी या प्रश्नाला जी निरनिराळी उत्तरे दिली, त्यांत मला मनुष्यस्वभावाचेच नमुने दिसतात.

पहिला मान डेबियनचा. इयन मर्डॉकने ती १९९३ साली सुरू केली. तेथे एक पॅकेज बसवावे तर ते दुसरे मागे, दुसरे तिसरे! १९९९ च्या मार्चमधील आवृत्तीत ‘ॲप्ट’ आले आणि हा हिशेब तेच ठेवू लागले. पण आलेला माल वाटेत कोणी बदलला तर? २००७ च्या आवृत्तीपासून ॲप्ट सही-शिक्का पारखून घेऊ लागले. मग मालक झोपेत असतानाही सुरक्षेच्या दुरुस्त्या बसवणारे ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ निर्धास्तपणे कामाला लावता आले.

फेडोरा तडजोडीची. २०१५ साली तिने जुन्या ‘यम’च्या जागी ‘डीएनएफ’ आणले. त्याच्या स्वयंचलित साधनाला मालकाने सांगावे : नुसती वर्दी दे, आणून ठेव, किंवा बसवूनच टाक.

फ्रीबीएसडीचा स्वभाव जुन्या कारभाऱ्याचा. कॉलिन पर्सिव्हल यांनी २००३ साली रचलेले तिचे साधन रोज ठरल्या वेळी कामाला लावले, तरी भांडारावर एकदम झुंबड उडू नये म्हणून तासाभरातला कोणताही क्षण निवडून निघते. दुरुस्ती आणून ठेवते, मालकाला पत्र टाकते आणि हुकमाची वाट पाहते. ओपनबीएसडीचे २०१७ मधील ‘सिसपॅच’ही मालकाच्याच हुकमाने चालते, शिवाय बसवलेली दुरुस्ती मागे घेण्याची सोय ठेवते.

२०१३ च्या कोअरओएसने दोन खोल्या बांधल्या. एकीत राहावे, दुसरीत नवी आवृत्ती मांडावी, आणि पुन्हा सुरू होताना बिऱ्हाड हलवावे. जमले नाही तर जुनी खोली शाबूत! ती सिस्टिम २०२० साली संपली, तरी युक्ती फ्लॅटकारमध्ये जिवंत आहे.

मग बरे कोणते? मला दोन प्रसंग आठवतात. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हे भगदाड जगजाहीर झाले. डेबियनने त्याच दिवशी दुरुस्ती दिली. तेथे ज्याचा नोकर जागा, तो वाचला. उलट २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या साधनात चोरदरवाजा आढळला. तो बसवणाऱ्याने दोन वर्षे इमानाने काम करून विश्वास मिळवला होता. त्यामुळे सही-शिक्का सारे खरे होते! अँड्रेस फ्रॉइंड यांना संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढीच शंका आली आणि बिंग फुटले. नवे ते तत्काळ घेणाऱ्या आवृत्त्यांत ते विष पोहोचले होते. डेबियनच्या सावकाश चालणाऱ्या स्थिर आवृत्तीत नव्हते.

म्हणून माझा कौल असा : भगदाड बुजवणाऱ्याला रात्रीही किल्ली द्यावी, नवे सामान आणणाऱ्याला मात्र काही दिवस ओसरीवर बसवावे. औषध आणि विष एकाच दाराने येतात, आणि सही पाहून दोहोंतला फरक कळतोच असे नाही.